बकऱ्याच्या कानातले शब्द

कोंडवाडीत मुसलमानाचं घर एकच, दिलावर मुलाण्याचं. विंझर गावाच्या वरच्या अंगाला ओढा ओलांडून गेलं की डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी लागे. चाळीसेक उंबरा, बाकी सगळा कुणब्यांचा. दिलावरची थोडी नाचणीची जमीन होती, चार शेळ्या होत्या, पण गावात त्याची ओळख होती ती सुरीची. चैत्रात जननीची जत्रा भरली की देवीचं बकरं कापायचा मान मुलाण्याचा. नवसाचं असो की लग्नातलं, मुलाण्याचा हात लागल्याशिवाय त्या मटणाला वाडीत कुणी शिवत नसे. हे कुणी ठरवलं आणि कधी, ते कुणाला सांगता आलं नसतं. दिलावरच्या आज्यानं कापलं, बापानं कापलं, तसा तो कापत होता.

त्याची एक रीत होती. बकरं आडवं पाडलं की तो गुडघ्यावर बसे, डाव्या हातानं त्याची मान कुरवाळी आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटे. बराच वेळ. मग सुरी फिरे ती एकदाच. पंचवीस वर्षं लोक हे बघत आले होते आणि तो काय म्हणतो ते कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते सावळारामनं. सावळाराम वाडीतलाच, पण दहा वर्षं पुण्यात छापखान्यात कामाला होता. जर्मनची लढाई सुरू झाली त्या साली छापखाना बंद पडला आणि तो बायकोपोरं घेऊन परत आला. येताना पुण्याच्या सभांमधलं बरंच काही डोक्यात घेऊन आला. एका संध्याकाळी चावडीवर चारचौघांत त्यानं दिलावरला हटकलं.

"दिलावरभाई, बकऱ्याच्या कानात तुमी काय सांगता?"

"बापानं शिकवलंय ते."

"पन काय?"

"ते मोठ्यानं म्हनायचं न्हाई, असं बा सांगून गेला."

सावळाराम हसला नाही. नुसता "अस्सं" म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. दिलावर घरी आला, पण तो "अस्सं" त्याच्या मागं मागं आला.

त्याच साली पौषात बुळकांडीची साथ आली. जनावरं चारा सोडायची, तोंडातून लाळ गळायची, पाचव्या-सहाव्या दिवशी खेळ आटपायचा. वाडीतले अकरा बैल गेले. गुरवानं कौल लावला, अंगारा झाला, साथ अडवायला गावानं शीव बांधून घेतली. आणि मग सावळारामचं बोलणं घराघरांत फिरू लागलं. देवीला बकरं पोचतच नसेल तर ती राखण कशाला करील? मुलाणी कानात त्याच्या देवाचं नाव घेतो, जीव तिकडं जातो. आपण इतकी वर्षं देवीला नुसतं मटण दाखवतोय.

दिलावरला हे तोंडावर कुणी सांगितलं नाही. पण बलुत्याचं धान्य सुपातून त्याच्या पदरात ओतणाऱ्या बायका आता सूप उंबऱ्यावर ठेवून आत जाऊ लागल्या. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या अंगणातून त्याची रोजची वाट. ती अंगणात काटी टाकून बसली. विचारलं तर म्हणाली, "कोंबड्यांसाठी टाकलीया."

माघात तो भोरला गेला. भोरला त्याचा मेहुणा फारूक, बायकोचा धाकटा भाऊ. बाजारात त्याचं गाद्या भरायचं दुकान होतं. दिलावरची थोरली नूरजहाँ फारूकच्या मुलाला द्यायची, असं पोरं लहान होती तेव्हापासूनचं बोलणं. तारीख ठरवायला दिलावर नवसाच्या बकऱ्याचं मटण फडक्यात बांधून घेऊन गेला. फारूकनं ते आत नेलंच नाही. ओसरीवर खुंटीला टांगून ठेवलं.

"दाजी, राग मानू नका," तो म्हणाला. "आमच्या मशिदीत एक जाणते मौलवी येऊन गेले. मूर्तीच्या नावानं कापलेलं खायचं न्हाई म्हणाले. तुमी कापताना देवीचं नाव घेता का?"

दिलावरनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "बिस्मिल्ला म्हणून कापतो," तो म्हणाला. हे खरंच होतं.

"आनि फुडं?"

"फुडं काय असतंय?"

फारूकनं मान हलवली, पण तारखेचं बोलणं काढलं नाही. दिलावर फडकं जसंच्या तसं घेऊन निघाला. मोटारीनं नसरापूरपर्यंत आला आणि तिथून चालत. चालता चालता त्याच्या मनात एक किडा शिरला. वाडीत सावळाराम विचारतो आणि भोरला फारूक विचारतो. दोघांना एकदमच कसं सुचलं? बापानंतर ते शब्द त्याच्याखेरीज जगात एकाच माणसाला ठाऊक असणार होते. मागं एकदा त्याला मुदतीचा ताप आला होता, तेव्हा तो वातात बरळला होता आणि उशाशी त्याची बायको खुर्शिदा बसली होती.

घरात पाऊल टाकताच त्यानं विचारलं, "तू भावाला काय सांगितलंस?"

खुर्शिदा चुलीपुढं होती. "कशाचं?"

"माज्या सुरीचं. आनि पानवठ्यावर बायांना?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "वीस वर्सं झाली मला या घरात. समद्या वाडीनं तुमच्यावर वहीम घेतला, मला वाटलं घरात तरी तुमाला विसावा हाय. आता तुमीच माज्यावर घेतला."

पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वेळेवर मिळे, पाणी मिळे, शब्द नाही. तो मनातून खजील झाला होता. तरीसुद्धा ती पानवठ्यावर गेली की दारात उभा राहून कुणाशी बोलते ते बघे.

चैत्र आला. जत्रेच्या आदल्या दिवशी आनंदराव पाटलांनी त्याला देवळापुढं बोलावलं. सगळी वाडी जमली होती. नेमका त्याच दिवशी फारूकही आला होता, आणि आला तो कशाला हे दिलावरला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. तोही पारापाशी येऊन उभा राहिला.

आनंदराव म्हणाले, "दिलावर, गावाच्या मनात कालवाकालव हाय. तू जे म्हनतोस ते आज हितं सगळ्यांम्होरं म्हन. म्हंजे मिटलं."

"पाटील, बापाची आन हाय."

"तुजा बाप गावचाच व्हता. गाव सोडवतंय तुला आनेतनं."

दिलावरनं देवळाकडं पाहिलं, मग फारूककडं. त्यानं डोळे मिटले आणि म्हणून टाकलं.

"बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर. मुक्या जीवा, देवीचं देणं देवीला, गावाचं गावाला. तुजा तळतळाट गावावर नगं, माज्यावर पडू दे. माज्या लेकरांवर बी नगं. माज्या एकट्यावर."

बायकांतली एक डोळ्याला पदर लावत होती. दिलावरला वाटलं, संपलं.

मग सावळाराम शांतपणे म्हणाला, "बोल लई चांगलं हाईत. पन आजपतूर हेच म्हनत व्हतासा कशावरनं? तीन म्हैने मिळालं तुमाला जुळवायला. आनि पयलं नाव कुनाचं घेतलंत ते समद्यांनी ऐकलं."

फारूकनंही ऐकलं होतं. त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली. "दुसरं कुनाचं घेतलंत ते म्या ऐकलं," तो म्हणाला. "बिस्मिल्लाच्या फुडं काय असतंय म्हनला व्हतात मला, दाजी." आणि बहिणीच्या घरी घोटभर पाणीसुद्धा न पिता तो आल्या वाटेनं निघून गेला.

आनंदरावांनी गावाकडं पाहिलं. गाव खाली बघत होतं. त्यांनी ठरवलं, यंदा बकरं सावळाराम कापील.

सावळारामनं जन्मात कोंबडंही कापलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौघांनी बकरं धरलं, त्यानं देवीचा जयजयकार केला आणि सुरी ओढली. ती अर्ध्यातच अडली. बकरं ओरडलं, धरणाऱ्यांच्या हातातून निसटलं आणि रक्त सांडत पायऱ्यांवरून बायकांच्या अंगावर गेलं. पोरं रडायला लागली. सावळाराम पांढराफटक पडून सुरी धरून तसाच उभा राहिला.

दिलावर लांब वडाखाली उभा होता. त्याला कुणी बोलावलं नाही. त्याला ते ओरडणं ऐकवेना, म्हणून तो गेला. बकऱ्याला कवेत धरून खाली बसवलं, सावळारामच्या हातातली सुरी घेतली आणि एकाच ओढीत काम संपवलं. इतक्या घाईत, की तो काहीच म्हणाला नाही. जनावराची तडफड थांबावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

तो उठला तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आज त्यो बोललाच न्हाई. का बोलला न्हाई?"

मटण शिजलं, पण अर्ध्याहून जास्त घरांनी वाटा नेला नाही. ज्यांना मुलाण्याचा संशय होता त्यांनी नेला नाही, आणि ज्यांना मुलाण्याच्या शब्दांशिवाय चालत नव्हतं त्यांनीही नाही. संध्याकाळी ते ओढ्याकाठी खड्डा काढून पुरलं.

त्या रात्री खुर्शिदा आपणहून बोलली. "फारूक पोरीला करून घेत न्हाई, असं सांगायलाच आला व्हता. तुमी काय बी म्हनला असतात तरी तेच झालं असतं."

"तुला म्या उगाच बोललो," दिलावर म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. नंतरही कधी तिनं "जाऊ द्या" असं म्हटलं नाही.

साथ त्याआधीच ओसरली होती. कशानं ओसरली यावर वाडीचं एकमत झालं नाही. दिलावरनं सुरी आढ्याला खोचून ठेवली आणि शेळ्या राखू लागला. ज्येष्ठात एक दिवस धोंडाबाई बगलेत कोंबडा धरून दारात आली. तिच्या नातवाचा नवस होता.

"कापून दे," ती म्हणाली. "पन मोठ्यानं म्हन. मला ऐकायचंय."

त्यानं म्हटलं. म्हातारी कान पुढं करून एकेक शब्द ऐकत होती, तोलून घेतल्यासारखी. झाल्यावर तिनं विचारलं, "तुजा बा बी असंच म्हनायचा?"

"व्हय, म्हातारे. असंच."

"आता त्याला कुटं इचारायला जाऊ," असं म्हणत तिनं कोंबडा उचलला.

हळूहळू बाकीचेही येऊ लागले. पुढच्या जत्रेला बकरं पुन्हा त्याच्याकडं आलं. पण आता पाटलांचा एक माणूस शेजारी उभा राही आणि शब्द मोठ्यानं म्हणावे लागत. तसे म्हणताना ते दिलावरला आपलेच वाटेनासे झाले होते, पण तो म्हणत राहिला. फारूक त्याच्या दारात परत आला नाही.

नूरजहाँचं लग्न दोन वर्षांनी नसरापूरच्या एका घरात झालं. वाडीतून आनंदराव आणि चारजण आले होते. जेवणं झाल्यावर मुलाचा बाप आनंदरावांशेजारी बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पाटील, तुमचा मुलाणी मानूस कसा हाय? आमच्या कानावर कायबाय आलंय."

दिलावर मागं घागर घेऊन उभा होता. आनंदरावांनी हातातला पेला खाली ठेवला.

"गावावरचा तळतळाट सोताच्या अंगावर घेतो," ते म्हणाले. "म्हंजे, असं त्यो म्हनतो."

दिलावर पुढं झाला आणि त्यानं दोघांच्या पेल्यांत पाणी ओतलं.