गिटारीतलं तणस
धानाच्या तणसाचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, वास आला की सौंदडच्या मंडपातली ती दुपार आठवते. भीमगीतांच्या पार्टीत मी गिटार वाजवायचो. ती होती दादाची. त्यानं हौसेनं आणली, जेमतेम चार महिने वाजवली आणि दुखण्यात गेला. गिटारीचं पोट अर्धं पोकळ, वर दोन वळणदार चिरा, आणि आवाज इतका गोल की एका तारेनं मंडप भरायचा. पण स्पीकर जवळ आला की तोच आवाज पोकळीत घुमून घूंऽऽ करत सुटायचा. तालमीत तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा आमचे गायक काका भडकले. "काऊन बोंबलून रायली हे? भरून टाक ना बे पोटात तणस!" मंडपामागे ढीग होताच. ओळीनं पाचवं गाव होतं, वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. बोटानं चिरांमधून तणस कोंबत गेलो. घूं थांबलं, पण तार आता फळीवर ठोकल्यासारखी वाजू लागली. "पाय, कशी गुमान वाजून रायली," काका खूश झाले. कार्यक्रमही चांगला झाला. मोतीबिंदूमुळे आईला स्टेज दिसत नसे, ती बायांमध्ये बसून नुसती ऐकायची. परतताना तिनं विचारलं, "आज दादाची गिटार नाही आणली का रे?" मी "नाही" म्हणालो. आता आईही नाही. कधी चिमटा घेऊन बसतो, चिरांमधून तणसाच्या दोन काड्या काढतो, मग कोणाला ऐकवायचं म्हणून गिटार पुन्हा खुंटीला लावतो.