बिनपात्याची फळी

करुणा कुठंही फळी दिसली की चप्पल काढून तिच्यावर उभी राहायची. माझ्या ओसरीतल्या बाकावर उभी, दारासाठी तासून ठेवलेल्या पल्ल्यावर उभी. एकदा कोहमारा गावच्या ढाब्यावर चहाला थांबलो, तिथं मालकानं नालीवर एक लाकडी पाटी टाकली होती. बाई तिच्यावर गुडघे वाकवून उभी राहिली आणि डोलून पाहू लागली. मालकानं मला हळूच विचारलं, डोकं बरोबर आहे ना? मी म्हटलं, माझ्या बहिणीची पोरगी आहे, चहा आण.

"उभं राहून पाहू जी," हे तिचं कायमचं बोलणं. भाजीवाल्यानं वांगी ताजी आहेत म्हटलं तरी तेच बोलायची. समोरचा गोंधळायचा, ती हसायची.

मी चौथी शिकलो आणि सुतारकामाला लागलो. आमच्या दवनीवाडा गावात माझ्या हातचे दरवाजे नाहीत असं घर दाखवा. करुणा बारावी करून गोव्याला हॉटेलात कामाला गेली. तिथं समुद्रावर एक माणूस भला मोठा पतंग अंगाला बांधून, पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून पळायला शिकवायचा. ही त्याच्याकडं शिकली आणि पुढं दुसऱ्यांना शिकवायलाही लागली. मग तिची आई, म्हणजे माझी बहीण, आजारी पडली. बहीण माझ्याच घरी होती. करुणा सगळं सोडून आली. दोन वर्षं तिनं आईचं केलं आणि आई गेली.

त्यानंतर गोव्याहून त्या माणसाचा फोन आला. तुझी जागा आहे, पण आता लोक बिनपात्याच्या सपाट फळीवर शिकायला मागतात, ती तू कधी चालवली नाहीस. तिकडंच शीक, मोबाइलवर दाखव, आणि दसऱ्यापर्यंत ये. नाही तर दुसरा माणूस ठेवतो. ती परत जाणार की नाही, ते एवढ्यावर होतं. ती जावी असं मला वाटत नव्हतं. हे मी तिला आपणहून बोललो नाही, इथंही एकदाच लिहितो.

तिच्याजवळ तिची जुनी फळी होती. खाली माशाच्या परासारखी पाती, वर पाय अडकवायला पट्टे. आमच्या तळ्यावर वारा बरा सुटला तेव्हा ती घेऊनच उतरली. पतंगात पंपानं हवा भरली, पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मी तो धरून उभा, सगळं गाव बघायला. सुटली तशी शंभर पावलं सरळ गेली आणि शिंगाड्याच्या वेलात पाती अडकून तोंडावर पडली. पाय पट्ट्यात, तोंडात गाळ. तळ्यातला शिंगाडा गावातल्या भोजराजचा. तो कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला आणि म्हणाला, "बाई, शिंगाडा तोडाले अजून टाइम आहे."

गळ्यात वेल घेऊन ती हसत बाहेर आली. मला म्हणाली, "मामाजी, बिनपात्याची फळी तिथं शौक होय. इथं तर तिच्याशिवाय जमतच नाही."

फळी मी बनवतो, असं मी तिथंच सगळ्यांसमोर बोलून बसलो. कशी पाहिजे ते तिनं समजावलं. रुंद, थोडी लांब, वजनाला हलकी, पुढचं टोक उचललेलं, खाली काही नाही, वर पट्टे नाहीत. मी ऐकलं आणि सागवानाची बनवली. फळी म्हटल्यावर सागवानच. ती उभी राहिली, पाण्यानं फळी खाली घेतली. "हे फळी नाही होय जी, दरवाजा होय," ती म्हणाली. त्या लाकडात काही खोट नव्हती हे मी आजही म्हणतो. पुढं तिचा खरंच दरवाजा केला, संडासाला. अजून टिकला आहे.

मग गोंदियाला प्लायच्या दुकानात गेलो. ही दुकानातल्या प्रत्येक तुकड्यावर उभी. दुकानदार म्हणाला, "दीदी, पलंग बनवाना है क्या?" तिच्या मोबाइलमध्ये टोकदार, छोट्या, रंगीत फळ्यांचे फोटो होते. मी म्हटलं, अशी बनवतो, लोक पाहत राहतील. ती नाही म्हणाली. "पहिली फळी सोपी पाहिजे मामाजी. दिखाव्याची मंग पाहू." एवढं बोलून तिनं सगळ्यांत पातळ प्लाय उचलला.

तीन पातळ थर फेविकॉल लावून एकावर एक ठेवले. पुढच्या टोकाखाली गोल ओंडका, वरून धानाची पोती, म्हणजे टोक वाकून तसंच सुकेल. पोती ठेवता ठेवता माझ्या मनात आलं, एक पोतं कमी ठेवलं तर टोक सपाट राहील, फळी पाण्यात नाक खुपसेल आणि पोरगी घरी राहील. तेवढ्यात ती येऊन बाजूला बसली.

"मामाजी, मी जावं असं तुम्हाले वाटते का?"

"नाही."

"मंग हे बनवून कायले राहिले?"

"बनवतो म्हटलं ना तुले."

ती उठली आणि उरलेलं पोतं दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघांनी मिळून ते वर ठेवलं. माझ्या हातची फळी बुडली असं कोणी तळ्यावर बोलावं, हे मला चालणार नव्हतं.

पाय घसरू नयेत म्हणून वार्निश ओलं असतानाच वर वैनगंगेची बारीक रेती भुरभुरली. पहिले काही दिवस ती नुसती पडत होती. पाय मोकळे, त्यामुळं ती एकीकडं आणि फळी दुसरीकडं. मग एका दुपारी वारा एकसारखा लागला. ती पाळीपासून निघाली, शिंगाड्यावरून गेली, वेल खाली दबले आणि मागं पुन्हा वर आले. पलीकडच्या काठाशी तिनं पाय बदलले, पतंग फिरवला आणि तशीच उभी परत आली. भोजराज पाण्यात उभा राहून मोबाइलवर काढत होता. काढून झाल्यावर त्यानं आपले वेल उचलून पाहिले आणि पुन्हा पाण्यात सोडले.

करुणा ओल्या अंगानं माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, टोक अजून थोडं उचलता आलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही असेच राहा जी."

भोजराजनं मोबाइलवर काढलेलं तिनं गोव्याला पाठवलं आणि त्याच संध्याकाळी तिकडून निरोप आला, ये म्हणून. मी तिला गोंदिया स्टेशनवर सोडायला गेलो. फळी चादरीत गुंडाळून तिनं बर्थखाली सरकवली. तुम्हीही चला म्हणाली. मी म्हटलं, धान कोण कापेल? गाडी सुटली, मी शेवटचा डबा जाईपर्यंत थांबलो आणि बसनं घरी आलो.

फाट्यावर भोजराज भेटला. माझ्याबरोबर थोडा चालला, मग म्हणाला, "घरात एकच माणूस होतं तुमच्या. काऊन जाऊ देल्ली जी पोरीले?"

मी म्हटलं, "फळी चांगली झाली होती."