दोन बोटं कापड

जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना ती बाई माझ्या बाकावर येऊन बसली. साधी सुती साडी, पिकलेले केस. माझ्या कुर्त्याची शिवण उसवलेली दिसताच तिनं न विचारता पर्समधून सुईदोरा काढला आणि सुईकडे न पाहताच दोरा ओवला.

"टेलर हाय काय तुमी?"

"हो. केनवडले, माह्या गावी, मायजवळच शिकली."

शिवता शिवता कळलं, ती पॅरिसातल्या एका महागड्या कपड्यांच्या कंपनीची मुख्य डिझायनर. तिच्या एका झग्यासाठी नट्या वर्षभर थांबतात. हे सगळं ती आज भाजी कोणती केली, अशा आवाजात सांगत होती. मी बघतच राहिले.

मग तिनं शिवण उलटून पाहिली आणि चिडली. "आत कापडच नाही सोडलं शिवणाऱ्यानं! माही माय पोरीच्या झंपरात दोन बोटं कापड आत सोडे. पोरगी वाढली, का उसवून मोठं कराचं. म्या तिकडे बी तसंच केलं. साहेब म्हणे, कायले? म्हटलं, घालणारं माणूस वाढते ना!"

तिची गाडी आली, ती गेली.

घरी मी कपाटातले सगळे कपडे उलटे करून पाहिले. आईनं माझ्यासाठी शिवलेल्या, आता घट्ट होणाऱ्या एका जुन्या झंपरात शिवणीच्या आत दोन बोटं कापड होतं. तो उसवून पुन्हा शिवला.

अंगाला अगदी बरोबर बसला.