चकाचक मावशींची सवय

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या बाईंना सगळे चकाचक मावशी म्हणायचे. बशीला चिकटलेल्या पेशी सोडवायला एक औषध असतं, ते लगेच धुवावंच लागतं. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे ही सवय मावशींच्या हाडीमाशी खिळली होती. कुठलंही औषध घाला, थोड्या वेळाने धुऊन काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरीही तेच. त्यांचे यजमान चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसत, कारण खाली ठेवला की उरलेला चहा नळाखाली गेलाच म्हणून समजा.

यंदा एका संशोधक मुलीचं काम अडलं. औषध दिल्यावर तिच्या पेशींना मेंदूतल्या पेशींसारखे लांब धागे फुटायला हवे होते. त्या मात्र नुसत्या संख्येने वाढत होत्या. साहेब म्हणाले, "पेशी बिघडल्यात. सगळा साठा फेकून द्या." मावशींचा चेहरा उतरला. तो साठा त्यांनी नोकरी लागल्यापासून सांभाळला होता. मलाही वाईट वाटलं.

फेकण्याआधी त्यांनी मुलीला विचारलं, "अगं, औषध एकच, पेशी त्याच. मग वाढायचं की धागे काढायचे, हे ठरतं कशावरून?"

"औषधाचा निरोप आत जायची वाट एकच असते, मावशी. निरोप थोडाच वेळ येऊन बंद झाला, तर पेशी वाढत सुटतात. तासन्तास येत राहिला, तर वाढणं सोडून धागे काढतात. म्हणून तर औषध बशीत राहू द्यायचं."

मावशी काही बोलल्या नसत्या, तर दोष पेशींच्या माथी गेला असता आणि यांच्या केसालाही धक्का लागला नसता. पण त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. "पेशी चांगल्या आहेत, साहेब. औषध मीच धुऊन टाकत होते." साहेबांनी काय काय सुनावलं, ते मला बाहेर स्टोअरपर्यंत ऐकू आलं. मी काही मुद्दाम कान लावला नव्हता.

नवी बशी लावली. मावशी एप्रनच्या खिशात हात कोंबून तिच्याभोवती घुटमळायच्या. काही दिवसांनी मुलीने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पेशींना लांबलचक धागे फुटले होते, एकीचा धागा दुसरीला टेकला होता. मावशींनी डोळे पुसले.

"मीच यांना वेळ दिला नाही गं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. यजमान नेहमीसारखे कप धरून बसले होते.

"ठेवा की खाली," मावशी म्हणाल्या. "मी नाही उचलत."

त्यांनी कप जपून खाली ठेवला. कपावरचा हात मात्र काही काढला नाही.