अप्पांची वाढीव दोन वर्षं

आज अप्पांना नव्वद पूर्ण झाली. ओवाळताना निरांजनाच्या उजेडात त्यांच्या पांढऱ्या मिशीतलं जुनं हसू दिसलं आणि मी थेट लालबागच्या आमच्या खोलीत पोचले.

संपाचा दुसरा उन्हाळा होता. गिरणी बंद, अप्पा दिवसभर खिडकीशी गप्प. मी मात्र कॉलेजच्या सुट्टीत फोर्टातल्या एका विमा कचेरीत काम शिकायला जात होते. कुठल्या वयाच्या माणसाचं सरासरी किती आयुष्य उरतं, ते सांगणारं कोष्टक तिथे पहिल्यांदा हाती आलं. त्या संध्याकाळी चपलाही न काढता मी ऐटीत म्हणाले, "अप्पा, तुम्ही पन्नासचे. अजून चोवीस वर्षं!"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. अप्पांनी मान वळवली आणि कित्येक महिन्यांनी खो खो हसले. "अगो, गिरणीत लागायला वय दोन वर्षं वाढवून सांगितलेलं मी! म्हणजे आणखी दोन धर."

वय दोनाने कमी धरलं, तरी कोष्टकातलं आयुष्य पुरतं दोनाने वाढत नाही. कचेरीतल्या साहेबांनी ते मला त्याच दिवशी शिकवलं होतं. तरी मी वहीत ठसठशीत सव्वीस लिहिलं.

पुढे जन्मभर विम्याचं हेच काम केलं. जाणूनबुजून चुकवलेलं उत्तर तेवढं एकच. अप्पांनी तेही कधीच मागे टाकलं.