टॅकेटचं उसनं विमान

ऑर्विल टॅकेट गावी, केंटकीत, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधल्या आमच्या अमेरिकन हवाई तळावर, तो एका बॉम्बफेकी विमानाचा मुख्य मेकॅनिक होता. त्याच्या मते ते विमान त्याचंच; वैमानिकाला तो ते फक्त उसनं द्यायचा.

त्या दिवशी आमची विमानं जर्मनांचं रेल्वे यार्ड उडवायला गेली. टॅकेटचं सोडून सगळी परतली. धावपट्टीशी बसलेला तो जेवायलाही उठेना.

अखेर ते आलं. एक इंजिन बंद, शेपटीची चाळण. पण माणसं सगळी धडधाकट.

"गधड्या, दिलं कसं आणि आणलंस कसं?" टॅकेट वैमानिकावर ओरडला.

"यार्ड उडवलं, उस्ताद! पुन्हा उसनं देणार ना?"

"आधी इंजिन तर बदलू दे," म्हणत टॅकेटने त्याला मिठीत उचललंच. मग शिट्टी वाजवत तो इंजिनाला लावलेल्या शिडीवर चढला.