नाना, आमिश लोक आणि लीलाआत्या

आमच्या नानांनी सख्ख्या बहिणीच्या घरचं पाणी सत्तावीस वर्षं प्यायलं नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. अशा दिवशी चांगलंच लिहायचं असतं. पण हे लिहिल्याशिवाय पुढचं चांगलं सांगताच येणार नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. कळवणकडचे शेतकरी. लीलाआत्या त्यांची धाकटी बहीण.

आत्यांनी नांदगावच्या एका शिक्षकांशी लग्न केलं. सुधाकरराव बौद्ध घरातले. एवढंच कारण.

माझ्या लग्नात आत्या आल्या होत्या. शेवटच्या रांगेत बसल्या, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेल्या.

नानांनी पाहिलं. थांब म्हणाले नाहीत.

मग दोन वर्षांपूर्वी नानांचं खुब्याचं हाड मोडलं. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, त्यांना गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आला. माझं वर्क फ्रॉम होम. दिवसभर घरात मी आणि नाना.

सीरियल लावली की वैतागायचे. "बंद कर ते रडगाणं."

एकदा मी सहज एक इंग्लिश डॉक्युमेंटरी लावली. अमेरिकेतल्या आमिश लोकांवरची. विजेची लाइन नाही, मोटार नाही, घोडागाडीतून फिरणारी माणसं.

नाना उशीला टेकून सावरून बसले.

"मनीषा, हे अमेरिकेत हाय?"

"हो नाना."

"मंग लाइट का नाय? लोडशेडिंग?"

मी लॅपटॉप बाजूला ठेवून हसत सुटले.

त्या दिवसापासून आमचा नियमच झाला. माझं जेवण उरकलं की अर्धा तास आमिश. मी सबटायटल वाचून मराठीत सांगायची.

शेतात जुंपलेले घोडे बघून नाना त्यांच्या खांद्यांविषयी बोलायचे. जू कुठे घासतं, कुठे जखम होते. एका भागात सगळं गाव जमून एका दिवसात एका घरासाठी लाकडी कोठार उभं करतं. बायका लांबलचक टेबलांवर जेवण मांडतात.

"अगं, ही तर सावड! आम्ही अशीच एकमेकांची कामं करायचो. मजुरी नाय, नुसतं जेवण." नाना इतके खूश, जणू त्या कोठारावर स्वतःच चढले होते.

मला म्हणाले, "लय गुणाची माणसं."

आणि मग तो भाग आला.

एक बाई. बाप्तिस्मा घेऊन, म्हणजे मोठेपणी त्यांच्या धर्माची शपथ घेऊन झाल्यावर तिने समाज सोडला होता. बऱ्याच वर्षांनी आईवडिलांना भेटायला घरी येते. आई तिला जेवायला वाढते, पण वेगळ्या छोट्या टेबलावर. सगळीकडे इतकं कडक नसतं, असंही त्यात सांगितलं. पण या घरात होतं.

लेक भाजीचं भांडं उचलून वडिलांपुढे धरते. वडील हात पुढे करत नाहीत. ती भांडं खाली ठेवते. मग वडील ते उचलतात.

"तिच्या हातून का नाय घेतलं?" नानांनी विचारलं.

"चालत नाही म्हणे नाना. समाज सोडला ना तिने."

"आईला वाईट नाय वाटत?"

"वाटतं. बघा ना, रडतेय."

नाना बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रडती. आन् तरी वेगळं वाढती."

खरं सांगते, लीलाआत्यांचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच भाग लावायला सांगितला. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, "प्रशांत, रविवारी गाडी काढ. लीलाकडं जायचं."

प्रशांतच्या हातातला घास तसाच राहिला.

नांदगावला आत्यांनी दार उघडलं. "ये दादा," एवढंच म्हणाल्या. आत जाऊन पाणी आणलं आणि तांब्या-पेला टीपॉयवर ठेवून मागे सरकल्या.

अगदी तशाच. त्या फिल्ममधल्या बाईसारख्या.

नानांनी पेल्याकडे पाहिलं. "लीले, हातात दे."

आत्यांनी पेला इतक्या घाईने पुढे केला की अर्धं पाणी नानांच्या धोतरावर सांडलं. उरलेलं ते प्यायले. म्हणाले, "अजून दे."

मग आत्या रडायला लागल्या. "दादा, मी स्वैपाक केलाच नाही रे. तू जेवशील असं वाटलंच नाही."

अर्ध्या तासात पिठलं-भाकरी झाली. नानांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांसाठी खुर्च्या मांडल्या. सुधाकरराव त्यांच्या शेजारीच बसले.

नाना म्हणाले, "मास्तर, मी लय उशीर केला."

सुधाकररावांनी भाकरीची टोपली जवळ ओढली. मग म्हणाले, "हो. केलात." आणि नानांच्या ताटात भाकरी वाढली. "जेवा, गार होतेय."

सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही. आत्यांचा मुलगा त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला नव्हता. नाना एवढंच म्हणाले, "बरोबर हाय त्याचं."

त्यानंतर नाना सात महिने होते. आत्या दर पंधरा दिवसांनी एसटीने यायच्या. दोघं भाऊबहीण सोफ्यावर बसून माझ्याकडून आमिश लोकांच्या गोष्टी मराठीत ऐकायचे आणि मध्येच भांडायचे, लहानपणी आंब्याच्या झाडावरून आधी कोण पडलं यावर.

आज वर्षश्राद्धाचा स्वयंपाक लीलाआत्यांनी केला. प्रशांतने तसं आधीच सगळ्यांना फोनवर सांगितलं होतं.

गावाकडचे दोन जण नमस्कार करून, गाडीचं कारण सांगून निघून गेले.

सुधाकररावांनी पंगतीत वाढलं. आत्यांचा मुलगा पहिल्यांदा आमच्या घरी आला. नाना, तुमच्या फोटोपुढे तो बराच वेळ उभा होता. काय बोलला ते मी विचारलं नाही.

दोन पानं रिकामी राहिली. बाकी सगळे पोटभर जेवले.

नाना, तुम्हाला तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.